घट्ट झालेली बांगडी

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ताईनं मला माजघरात हाक मारली आणि डावा हात पुढं केला. "ही बांगडी चढंना बघ." उजव्या हातात सहाच्या सहा सहज सरकल्या होत्या. डाव्या हातात त्याच मापाची एक बांगडी अंगठ्याच्या उंचवट्याशी अडून बसली होती. साबण लावला, प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, कासारीण दाबते तसा तळवा दाबून पाहिला, तरी चढली नाही. मनगटाच्या वर बोट रुतवलं तर खळगा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. ताईच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन तेव्हा सोळा महिने झाले होते. काखेतल्या गाठी काढल्या होत्या, केमो झाली होती, रेडिएशनचे लाइट घेऊन झाले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगत होतो, आता सगळं पार पडलं.

त्या सोळा महिन्यांत आम्ही काय केलं, तर तिचा हात जपला. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती, केमोची तारीख होती. हाताबद्दल एकच वाक्य कानावर आलं होतं आणि तेही दारातून बाहेर पडता पडता : या हातानं काही उचलायचं नाही. वाळवा तालुक्यातलं आमचं घर हे वाक्य अक्षरशः जगलं. तिच्या हातून कळशी गेली, पातेलं गेलं, म्हशीची धार गेली, भाकरी थापणं गेलं. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, तू नुसती बसून ऱ्हा, आमी हाय की." त्यात माया होती, कमीपणा दाखवण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. पण तिसऱ्या महिन्यात तिला स्वतःची वेणी घालता येईना, ब्लाउजच्या बाहीत हात जाईना, लाइट घेताना हात डोक्यावर धरायचा तर डोळ्यांतून पाणी यायचं. खांदा धरला होता. सर्जननं तिचा जीव वाचवला, ते ऋण फिटणारं नाही. पण ज्या हातानं ती घर चालवत होती त्या हाताचं पुढं काय करायचं, हे सांगायला त्या रुग्णालयात कुणी आलं नाही, आणि विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

बांगडीनंतर मी विचारायला लागले. फिजिओथेरपीच्या खोल्यांमध्ये बसले, भिंतीवर बोटांनी चढणारे हात पाहिले, तोंडात काड्या धरून बसलेली माणसं पाहिली, मिळेल ते वाचलं. कर्करोगाबद्दल आपल्याकडे इतकं बोललं जातं, आणि या एका गोष्टीबद्दल इतकं कमी, याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी काखेत काय होतं ते. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी पेशींच्या भोवती जमतं. त्यातला काही भाग लसीकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्या उचलून परत रक्तात नेऊन सोडतात. वाटेत ग्रंथींची ठाणी असतात, काखेत साधारण वीस ते तीस. स्तनाचा कर्करोग पसरायला लागला की बहुधा याच ठाण्यांत आधी पोचतो, म्हणून त्या काढाव्या लागतात. त्या गेल्या, वर लाइटनं उरलेली वाट आक्रसली, की हाताचं पाणी तुंबतं. यालाच लिम्फिडीमा म्हणतात. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्या साधारण पाचांतल्या एका बाईला हे होतं. फक्त पहिली एक-दोन ठाणी तपासून थांबता आलं, तर प्रमाण शंभरात पाच-सहावर येतं. सूज ऑपरेशननंतर महिन्यांनी येते, कधी वर्षांनी. तोवर बाई दवाखान्याच्या फेऱ्यांतून सुटलेली असते. मग ती सूज पहिल्यांदा कुणाला कळते, तर बांगडीला, अंगठीला, ब्लाउजच्या बाहीला.

दुसरी एक गोष्ट आहे, तिनं बायका फार घाबरतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत हात वर केला की काखेतून कोपराकडं कातडीखाली दोरी ताणल्यासारखी उठते. आजार परत आला असं वाटून कित्येक जणी हात हलवायचंच सोडतात. तो आजार नसतो. बंद पडलेल्या बारीक वाहिन्यांचे ते ताठ झालेले धागे असतात, आणि हळूहळू ताण देत गेलं की बहुतेकींचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सैल पडतात. ताईच्याही काखेत अशी दोरी होती. तिनं ती कुणाला दाखवली नव्हती.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या सर्जननं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी अशा सगळ्याच काढण्याची पद्धत रूढ केली. पुढं पाऊणशे वर्षं जगभर तीच चालली. बायका त्यातून वाचायच्या, पण हात जायबंदी घेऊन. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर या बाईचं असंच ऑपरेशन झालं. हात कसा हलवायचा, आत काय भरून कपडे घालायचे, कशाचंच उत्तर तिला कुणी देईना. तिनं स्वतःच व्यायाम शोधले आणि पिशवीत रबरी चेंडू नि दोरी घेऊन ती इतर बायकांच्या खाटांशी जाऊन बसू लागली. काही सर्जनना ते मुळीच रुचलं नाही. तरी तिनं उभं केलेलं 'रीच टू रिकव्हरी' हे काम १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं आपलं म्हणून स्वीकारलं. पहिला धडा डॉक्टरांनी लिहिला नाही, हात आखडलेल्या एका बाईनं लिहिला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग 'उचलू नका' हे कुठून आलं? भीतीतून. जोर केला की हाताकडं रक्त जास्त जाणार, पाणी जास्त झिरपणार, सूज येणार, असा तो तर्क. ऐकायला बरोबर वाटतो. पण कितीतरी वर्षं तो कुणी तपासलाच नव्हता. १९९६ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यानं स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ बायकांना आधी व्यायामशाळेत तयार केलं आणि मग ड्रॅगन बोट नावाच्या लांबलचक नावेत वल्ही देऊन बसवलं. वल्हवणं म्हणजे खांदा, दंड आणि पाठ यांचं काम, पुन्हापुन्हा आणि जोरकस, म्हणजे बरोबर तेच जे करू नका असं सांगितलं जात होतं. एकीच्याही हाताला नव्यानं सूज आली नाही. आज अशा नावा अनेक देशांत पाण्यावर आहेत.

तरी २४ बायका म्हणजे पुरावा थोडाच. तो २००९ मध्ये आला. कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका घेतल्या. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. वर्षानंतर मोजलं, तर सूज वाढलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, ११ आणि १२ टक्के. सूज एकदम उसळण्याचे प्रसंग वजन उचलणाऱ्यांत १४ टक्क्यांना आले, न उचलणाऱ्यांत २९ टक्क्यांना. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरातली रिकामी कळशी आली.

मात्र यातला 'देखरेखीखाली' हा शब्द गाळून चालणार नाही. ताईला उद्यापासून भरलेली घागर देणं हा याचा अर्थ नव्हे. सांगलीला आम्हाला जी फिजिओथेरपिस्ट मिळाली, तिनं पहिल्या दिवशी शिंप्याची टेप काढली आणि दोन्ही हात ठरावीक अंतरावर मापले. कोपराच्या खाली साडेतीन सेंटिमीटरचा फरक होता. दोन सेंटिमीटरच्या पुढं गेला की दखल घ्यायची, असा साधारण दंडक आहे. मग कातडीला क्रीम, त्यावर मऊ कापसाचा थर, त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे वेढे, बोटांपासून वरपर्यंत, खाली घट्ट आणि वर सैल. आम्ही तोवर मेडिकलमधली साधी क्रेप बँडेज मनाला येईल तशी बांधत होतो. सासूबाई तेल लावून जोरजोरात मालीश करत होत्या. तेही चुकत होतं. लसीकावाहिन्या कातडीच्या अगदी लगत असतात. त्यांना जी मालीश लागते ती मोरपीस फिरवावं इतकी हलकी असते, आणि ती हातापासून सुरू होत नाही : आधी मान, छाती, दुसरी काख अशी वाट मोकळी करायची, मग हाताकडं यायचं. एमिल व्होडर या डॅनिश माणसानं ही रीत १९३० च्या दशकात बसवली. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सासूबाईंना समोर बसवून शिकवलं. "आजी, कणीक मळायची नाही, बाळाच्या गालावरनं हात फिरवायचा." सासूबाईंना ते एका बैठकीत जमलं.

आणि व्यायाम. दोन्ही हातांत लाटणं आडवं धरून वर न्यायचं, चांगल्या हातानं दुखऱ्याला ओढत. भिंतीकडं तोंड करून बोटांनी चढायचं आणि जिथं पोचलं तिथं पेन्सिलीनं खूण करायची. पट्टी बांधलेली असतानाच मूठ उघडायची-मिटायची, कारण स्नायू आतून दाबतो आणि पट्टी बाहेरून, त्या दोहोंत पाणी पुढं सरकतं. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हे पहिलं वजन. हाताला विळी लागली, काटा टोचला, तव्याचा चटका बसला तर लगेच धुऊन औषध लावायचं. तुंबलेल्या हातात जंतू वेगानं पसरतात आणि प्रत्येक संसर्गानं सूज आणखी पक्की होते. चार आठवड्यांत फरक दीड सेंटिमीटरवर आला. मग मापाची लवचिक बाही आली, ती दिवसभर घालायची आणि सैल पडली की बदलायची. ही सूज पुरती जात नाही, ताब्यात राहते. मॅडमनी ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं आणि मला ते आवडलं.

हे सगळं सोळा महिने आधी सुरू झालं असतं तर? इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पर या अभ्यासात खांदा धरण्याचा धोका जास्त असलेल्या ३९२ बायका होत्या. अर्ध्यांना माहितीपत्रकं दिली. अर्ध्यांना ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टनं गाठलं, व्यायाम ठरवून दिले, पुढं मोजक्या भेटी घेतल्या. वर्षानंतर या दुसऱ्या गटाचे हात जास्त चांगले चालत होते आणि त्यानं सूज वाढली नाही. मोजक्या भेटी, लाटणं आणि भिंत, यात महाग असं काही नाही.

आता तोंडाकडं येते, कारण महाराष्ट्रात या विषयाचं मोठं ओझं तिथंही आहे. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण धरले गेले. त्यांत स्तनाचे १ लाख ९२ हजार, ओठ आणि तोंडाचे १ लाख ४३ हजारांच्या वर. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री, ही यादी आपल्याला पाठ आहे. हे रुग्ण बऱ्याचदा कमावत्या वयाचे पुरुष असतात, आणि व्यायामाचा विषय निघाला की सगळ्यात आधी विसरले जातात.

स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालून पाहा. जातात ना? तेवढं तोंड उघडणं म्हणजे नेहमीचं, साधारण चाळीस मिलिमीटर. पस्तीसच्या खाली आलं की अडचण सुरू होते. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली कातडी आधीच चामड्यासारखी झालेली असते, वर ऑपरेशनचा व्रण, त्यावर लाइट. जबड्याचे स्नायू आत आखडत जातात, लाइट संपल्यावरही महिनोन्‌महिने. मग घास जात नाही, ब्रश जात नाही, दात किडला तर काढता येत नाही, आणि तोंडात आजार परत आला का हे डॉक्टरला पाहताही येत नाही. यावरचा उपाय किती साधा असावा? आइस्क्रीमच्या काड्या. मावतील तेवढ्या काड्यांची चवड दातांमध्ये धरायची, थोडा वेळ थांबायचं आणि मग मधोमध एक नवी काडी सरकवायची. एक काडी म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. दिवसातून अनेकदा, रोज, काही महिने. फिजिओथेरपीच्या एका खोलीत मी एका काकांना पाहिलं. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी मला बोटांनी आकडा दाखवला : अकरावरून चौदा काड्या. त्या तीन काड्यांत भाताचा घास होता.

आणि मग मान. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाचा २०१५ सालचा अभ्यास जगभर मानला जातो. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या ग्रंथी आजार दिसायची वाट न पाहता पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. वाट पाहिली तर ६७.५ टक्के. म्हणजे मानेचं ऑपरेशन टाळण्यासारखं नाही, ते जीव वाचवतं. पण मानेतून खांद्याकडं जाणारी स्पायनल ॲक्सेसरी ही नस त्याच जागेतून जाते. ती कापावी लागली, किंवा वाचवली तरी ताणली गेली, की खांदा खाली झुकतो, पाठीचं फावडं बाहेर येतं, हात आडवा वर उचलत नाही. रिक्षा चालवणारा, पाठीवर फवारणीचा पंप घेणारा, हमाली करणारा माणूस वाचतो आणि कामाविना बसतो. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये मार्गारेट मॅकनीली या फिजिओथेरपिस्टनं २००८ मध्ये अशा ५२ जणांवर १२ आठवडे क्रमाक्रमानं वाढत्या ताकदीचे व्यायाम करून पाहिले. नेहमीच्या व्यायामापेक्षा त्यांचं दुखणं आणि अडणं जास्त कमी झालं. ज्या परळनं मानेचं ऑपरेशन करा हे जगाला सिद्ध करून दाखवलं, त्याच परळमध्ये, चालत काही मिनिटांवर, केईएम रुग्णालयात पन्नासच्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं आपल्या देशातली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. पोलिओनं लुळ्या पडलेल्या मुलांसाठी. शिकवणारे आणि शिकलेले हात आपल्याकडं सत्तर वर्षांपासून आहेत.

थकव्याबद्दल लिहिलं नाही तर रुग्ण मला माफ करणार नाहीत. केमोचा थकवा झोपून जात नाही. घरचे म्हणतात पड जरा, माणूस पडतो, आणि उठताना आणखी थकलेला असतो. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं होतं. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयानं त्यांची कष्ट करण्याची ताकद जितकी घटली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. आजारी माणसाचं काय होत असेल? २०१७ मध्ये ११३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा कर्करोगाच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा सरस ठरले. २०१९ पासून जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला असा : आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल पण बोलता येईल असं चालणं, दोनदा ताकदीचे व्यायाम.

आणि जून २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष तर थकव्याच्याही पुढचा आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या, सहा देशांतल्या ८८९ जणांवर चॅलेंज नावाची चाचणी २००९ पासून चालू होती. अर्ध्यांना आरोग्याची पुस्तिका मिळाली. अर्ध्यांना तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक मिळाला, जो त्यांना हवा तो व्यायाम, बहुतेकांना झपझप चालणं, नेटानं करायला लावी. पाच वर्षांनी आजार न परतलेले ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९०.३ विरुद्ध ८३.२. एखाद्या नव्या गोळीनं असा फरक दाखवला असता तर पेपरांत पहिल्या पानावर आली असती. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत जास्त निघाल्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५, हेही सांगायला हवं. केमोऐवजी चाला असं यात कुठंही नाही. हे लोक केमो पुरी करून चालले होते.

काही वेळा थांबायचं असतं. ताप असेल, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार घसरलं असेल, तर त्या दिवशी नको. आजार हाडांत गेला असेल तर कुठलं हाड किती भार सोसेल हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नये, पाठ पिळणारी आसनं करू नयेत. केमोनं तळपाय बधिर होतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. अशांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम ओट्याला धरून करावेत. यासाठीच कर्करोग समजणारी फिजिओथेरपिस्ट हवी. मोठ्या रुग्णालयांत ती आता असते. तालुक्याला बहुधा नसते, आणि बसभाडं देऊन आठवड्यातून दोनदा शहरात जाणं किती जणींना परवडतं? म्हणून जे शिकवायचं ते घरी सोडण्याआधी, घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून शिकवलं पाहिजे. केमो-लाइटच्या तारखांसारखीच त्याची तारीख कागदावर हवी. हे न होणं मी अर्धवट उपचार मानते.

ताई आता सकाळ-संध्याकाळ म्हशीची धार काढते, बाही घालून, दोन्ही हातांनी. गेल्या दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या तिनं माझ्याकडून काढून घेतला. डाव्या हातात अजून मोठ्या मापाच्या बांगड्या लागतात, त्या तिनं वेगळ्या भरून घेतल्या आहेत.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ॲडमिट व्हायच्या आधी दोन्ही हातांची मापं टेपनं घेऊन वहीत लिहून ठेवा, तोंडाचं असेल तर तोंड किती बोटं उघडतं ते लिहा. आणि घरी सोडायच्या दिवशी गोळ्यांच्या यादीवर थांबू नका. डॉक्टरांना विचारा, फिजिओथेरपिस्ट कधी भेटणार? उत्तर मिळेपर्यंत विचारा.